आकाशातील आगगाडी चालवणारा माणूस

कमी भाड्याच्या विमान कंपन्या खरोखरच स्वस्त असतात काय, हा प्रश्न विमानाचे तिकीट काढणाऱ्या बहुतेकांना कधी ना कधी पडतो. जाहिरातीतील आकडा लहान असतो. त्यात सामानाचे, आसन निवडण्याचे आणि खाण्यापिण्याचे पैसे मिळवत गेले की पूर्ण सेवा देणाऱ्या कंपनीचे भाडे फारसे दूर उरत नाही. मग स्वस्ताई गेली कुठे? या प्रश्नाचे उत्तर शोधताना एका ब्रिटिश उद्योजकाचे आयुष्य डोळ्यांसमोर येते. सर फ्रेडी लेकर हे त्यांचे नाव. १९७७ मध्ये त्यांनी लंडन ते न्यूयॉर्क हा प्रवास ५९ पौंडांत घडवून आणला, आणि अवघ्या साडेचार वर्षांत त्यांची कंपनी बुडाली. त्यांचे भाडे स्वस्त होते हे निर्विवाद. मात्र त्या स्वस्ताईचा लाभ कोणाला झाला आणि तिची किंमत कोणी मोजली, हे समजून घ्यायचे तर त्यांची कहाणी मुळापासून पाहावी लागते.

फ्रेडरिक आल्फ्रेड लेकर यांचा जन्म ६ ऑगस्ट १९२२ रोजी इंग्लंडमधील कँटरबरी येथे झाला. वडील व्यापारी जहाजावर खलाशी होते. फ्रेडी लहान असतानाच ते घर सोडून गेले आणि आईने कष्टाची कामे करून मुलाला वाढवले. शाळेत फ्रेडींची फारशी चमक दिसली नाही. सोळाव्या वर्षी ते रोचेस्टर येथील शॉर्ट ब्रदर्स या विमाने बांधणाऱ्या कारखान्यात उमेदवारीला लागले. दुसऱ्या महायुद्धात विमाने एका तळावरून दुसऱ्या तळावर पोहोचवणाऱ्या दलात त्यांनी फ्लाइट इंजिनिअर म्हणून काम केले. विमान कसे उडते यापेक्षा ते उडवायला किती खर्च येतो, याची जाण त्यांना तेथेच आली असावी.

युद्ध संपले तेव्हा ब्रिटनमध्ये लष्करी विमाने आणि त्यांचे सुटे भाग मोडीच्या भावाने विकले जात होते. लेकर यांनी याच धंद्यात उडी घेतली. एका परिचिताकडून ३८ हजार पौंडांचे कर्ज घेऊन त्यांनी हॅलिफॅक्स बॉम्बर विमानांची मालवाहू रूपे असलेली १२ विमाने खरेदी केली. त्यानंतर लवकरच, जून १९४८ मध्ये, सोव्हिएत संघाने पश्चिम बर्लिनची नाकेबंदी केली. सुमारे २० लाख लोकांना अन्न, कोळसा आणि इंधन विमानाने पोहोचवण्याची वेळ आली. सरकारला मिळेल ते विमान हवे होते. लेकर यांची विमाने बर्लिनच्या फेऱ्या करू लागली आणि उणीपुरी सव्वीस वर्षांची उमर असलेला हा तरुण श्रीमंत झाला. नाकेबंदी उठल्यावर बहुतेकांना वाटले की हवाई मालवाहतुकीचा सुकाळ असाच चालू राहील. लेकर यांनी मात्र आपली बहुतेक विमाने मोडून धातू विकून टाकला. धंद्यात केव्हा थांबावे याचे हे भान पुढे त्यांना ऐनवेळी सोडून गेले.

१९५० च्या दशकात त्यांनी इंग्लिश खाडीवरून मोटारी आणि प्रवासी एकत्र नेणारी विमानसेवा चालवली. आपल्या कंपन्या १९५८ मध्ये विकल्यानंतर ते ब्रिटिश युनायटेड एअरवेज या ब्रिटनमधील सर्वांत मोठ्या खासगी विमान कंपनीचे व्यवस्थापकीय संचालक झाले. १९६५ हे वर्ष त्यांच्यासाठी कठीण गेले. तरुण मुलगा मोटार अपघातात दगावला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांनी ही नोकरीही सोडली. पुढच्याच वर्षी, १९६६ मध्ये, दोन जुन्या ब्रिटानिया विमानांनिशी गॅटविक विमानतळावरून त्यांनी स्वतःच्या नावाची कंपनी सुरू केली. सहल कंपन्यांना विमान भाड्याने देणे, हा तिचा मुख्य व्यवसाय होता. सामानाचे वजन कमी ठेवणे, उड्डाणाच्या वेळी इंजिनाची पूर्ण शक्ती न वापरणे, विमान जमिनीवर कमीत कमी वेळ उभे ठेवणे, अशा लहान लहान उपायांनी त्यांनी खर्च खाली आणला.

त्या काळची विमान वाहतूक आजच्यापेक्षा फार वेगळी होती. अटलांटिक महासागरावरील भाडी कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेत एकमताने ठरत आणि सरकारे त्यांवर शिक्कामोर्तब करत. भाडे सारखेच असल्याने स्पर्धा उरे ती आदरातिथ्याची. स्वस्त वर्गातील प्रवाशांना फक्त सँडविच द्यावे, असा नियम असताना काही कंपन्या सँडविचच्या नावाखाली भरगच्च जेवण देऊ लागल्या, तेव्हा १९५८ मध्ये सँडविच कशाला म्हणावे यावर गंभीर वाद झाला होता! कमी भाड्यात जायचे तर विशेष विमानाचा मार्ग होता. पण त्यासाठी प्रवासी एखाद्या मंडळाचा किमान सहा महिने सभासद असावा लागे आणि त्या मंडळाचा मुख्य उद्देश प्रवास हा असता कामा नये, अशी अट होती. परिणामी कागदोपत्री मंडळांचे पेव फुटले. तपासनीस विमानतळावर प्रवाशांची उलटतपासणी घेऊ लागले. लेकर यांच्या कंपनीलाही त्याचा दंड सोसावा लागला.

या खोटेपणाला कंटाळून जून १९७१ मध्ये लेकर यांनी एक साधी योजना सरकारपुढे ठेवली. आगगाडीप्रमाणे विमानाचे तिकीटही त्याच दिवशी खिडकीवर घ्यावे आणि जागा असेल तर बसावे. आगाऊ आरक्षण नाही, फुकटचे जेवण नाही. या सेवेचे नाव त्यांनी ठेवले ‘स्कायट्रेन’.

तिच्यामागचे गणित समजायला सोपे होते. विमान भरलेले असो वा अर्धे रिकामे, इंधन, वैमानिक आणि विमानतळाचा खर्च जवळपास तेवढाच येतो. लेकर यांच्या डीसी-१० विमानात ३४५ आसने होती. प्रत्येकी ५९ पौंडांनी ती सर्व भरली तर एका खेपेचे २० हजार ३५५ पौंड होतात. तेवढीच रक्कम अर्ध्या भरलेल्या विमानातून काढायची तर प्रत्येक प्रवाशाकडून ११८ पौंड घ्यावे लागतात. म्हणजेच स्वस्त भाड्याचा खरा आधार भरलेले विमान हा होता; वगळलेल्या जेवणाचा वाटा त्या मानाने लहान. आजच्या कमी भाड्याच्या कंपन्याही मुख्यतः याच गणितावर चालतात.

गणित सोपे असले तरी परवानगी सोपी नव्हती. ब्रिटनच्या नागरी विमान वाहतूक प्राधिकरणाने १९७२ मध्ये परवाना दिला. त्यानंतर सरकार बदलले आणि राष्ट्रीय कंपनीचे नुकसान होईल या कारणास्तव नव्या सरकारने परवाना निरर्थक करणारे धोरण आणले. लेकर न्यायालयात गेले. १९७६ मध्ये आधी उच्च न्यायालयाने आणि नंतर अपील न्यायालयाने त्यांच्या बाजूने कौल दिला. जून १९७७ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष जिमी कार्टर यांनी संमती दिली आणि २६ सप्टेंबर १९७७ रोजी पहिली स्कायट्रेन गॅटविकहून न्यूयॉर्कला निघाली. अर्ज केल्यापासून सहा वर्षे उलटली होती.

लोकांचा प्रतिसाद अफाट होता. ज्यांनी कधी समुद्र ओलांडण्याचे स्वप्नही पाहिले नव्हते असे विद्यार्थी, कामगार, निवृत्त जोडपी रांगेत उभी राहिली. १९७८ च्या उन्हाळ्यात तर तिकिटासाठी लोक पदपथांवर मुक्काम ठोकून होते. त्याच वर्षी लेकर यांना ‘सर’ हा किताब मिळाला. रांगेत घालवलेल्या रात्री हिशेबात धरल्या तर ५९ पौंडांचे तिकीट काहींना तेवढे स्वस्त पडले नाही, हेही खरे. पण येथे फसवणूक नव्हती. काय मिळेल आणि काय मिळणार नाही, हे तिकीट घेण्यापूर्वी प्रत्येकाला ठाऊक होते.

याहून मोठा परिणाम रांगेबाहेर घडला. स्कायट्रेन उडण्यापूर्वीच मोठ्या कंपन्यांनी लंडन-न्यूयॉर्क मार्गावर सवलतीची भाडी जाहीर केली. वर्षानुवर्षे जे शक्य नाही म्हणून सांगितले जात होते, ते अचानक शक्य झाले. लेकर यांच्या विमानात पाऊलही न ठेवलेल्या हजारो प्रवाशांचे पैसे त्यामुळे वाचले. स्वस्त कंपनीचा लाभ तिच्या ग्राहकांपुरता राहत नाही, हे येथे प्रथमच एवढ्या ठळकपणे दिसले.

यशाने लेकर यांचा हात सैल झाला. लॉस एंजलिस, मायामी असे मार्ग वाढले. आणखी डीसी-१० आणि युरोपीय बनावटीच्या १० एअरबस विमानांची मागणी नोंदवली गेली. कर्ज होते डॉलरमध्ये आणि उत्पन्नाचा मोठा भाग पौंडांत. मे १९७९ मध्ये शिकागो येथे दुसऱ्या एका कंपनीच्या डीसी-१० विमानाला भीषण अपघात झाला आणि या जातीची विमाने काही आठवडे जमिनीवर ठेवावी लागली. त्यातच इंधन महागले, मंदी आली. १९८० मध्ये २ डॉलर ४० सेंटच्या आसपास असलेला पौंड पुढील वर्षी २ डॉलरच्याही खाली घसरला आणि कर्जाचे हप्ते आपोआप फुगले. १९८१ च्या शरद ऋतूत पॅन ॲम या अमेरिकी कंपनीने आपली भाडी लेकर यांच्या पातळीवर आणली आणि इतरांनीही तीच वाट धरली. त्याच पैशांत जेवण आणि आरक्षण मिळू लागल्यावर बिनजेवणाच्या विमानाकडे कोण वळणार?

विमाने व इंजिने पुरवणाऱ्या अमेरिकी कंपन्यांनी मदतीची तयारी दाखवली होती. तथापि ती प्रत्यक्षात आली नाही. ५ फेब्रुवारी १९८२ रोजी लेकर एअरवेज बंद पडली. देणे सुमारे २७ कोटी पौंडांचे होते. हजारो प्रवासी परदेशांत अडकले, कर्मचाऱ्यांचा रोजगार गेला आणि ज्यांनी पैसे आधी भरले होते त्यांना ते परत मिळवण्यासाठी धावपळ करावी लागली. लेकर यांची स्वतःची घोड्यांची पागा आणि नौकाही गेली. तरीही सामान्य ब्रिटिश नागरिकांनी कंपनी वाचवण्यासाठी वर्गणी गोळा करायला सुरुवात केली, हे विशेष. बुडालेल्या विमान कंपनीसाठी तिचेच ग्राहक खिशात हात घालतात, असे दृश्य क्वचितच दिसते.

कंपनीच्या अवसायकाने मोठ्या कंपन्यांवर अमेरिकेत दावा दाखल केला. लेकर यांना संपवण्यासाठी त्यांनी संगनमताने भाडी पाडली आणि मदतीचे मार्ग बंद केले, असा आरोप होता. १९८५ मध्ये न्यायालयाबाहेर तडजोड झाली आणि ब्रिटिश एअरवेजसह प्रतिवादी कंपन्यांनी सुमारे ४ कोटी ८० लाख डॉलर धनकोंसाठी मोजले. त्यामुळे आरोप न्यायालयात शेवटपर्यंत तपासला गेला नाही. या प्रकरणामुळे ब्रिटिश एअरवेजचे खासगीकरण मात्र रेंगाळले. ते १९८७ मध्ये पार पडले.

१९८४ मध्ये व्हर्जिन अटलांटिक सुरू करताना रिचर्ड ब्रॅन्सन यांनी लेकर यांचा सल्ला घेतला. केवळ स्वस्त आसनांवर विसंबू नका, जादा पैसे देणाऱ्या प्रवाशांसाठीही वर्ग ठेवा, आणि मोठ्यांनी अडवले तर वेळ न दवडता न्यायालयात जा, असा त्या सल्ल्याचा आशय होता. ठेच लागलेल्या माणसाचा तो सल्ला ब्रॅन्सन यांच्या कामी आला. आपल्या एका जंबो विमानाला त्यांनी लेकर यांचे नाव दिले. लेकर यांनी स्वतः १९९० च्या दशकात बहामा बेटांवरून पुन्हा विमाने उडवली. पण जुने दिवस परतले नाहीत. ९ फेब्रुवारी २००६ रोजी फ्लोरिडात वयाच्या ८३ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

त्यांचा प्रयोग इतरांनी वेगवेगळ्या देशांत पुढे नेला. भारतात २००३ मध्ये एअर डेक्कनने कमी भाड्याची सेवा आणली आणि प्रथमच विमानात बसणाऱ्यांचा मोठा वर्ग तयार झाला. ती कंपनी पुढे किंगफिशरमध्ये विलीन झाली आणि २०१२ मध्ये किंगफिशरही थांबली. स्वस्त आणि महाग, दोन्ही प्रकारच्या कंपन्या बुडू शकतात, हे आपण येथेही पाहिले आहे. दुसरीकडे, पूर्ण सेवेचा अभिमान बाळगणाऱ्या ब्रिटिश एअरवेजने २०१७ पासून आपल्या जवळच्या मार्गांवर स्वस्त वर्गातील खाद्यपदार्थ विकायला सुरुवात केली. लेकर यांच्या विमानातील रीत चाळीस वर्षांनी प्रतिस्पर्ध्याच्या विमानात आली.

म्हणून तिकीट काढताना अंतिम रकमेची तुलना जरूर करावी. सामान जास्त असेल, वेळेची घाई असेल, तर पूर्ण सेवेचे तिकीट प्रत्यक्षात स्वस्त पडू शकते. मात्र ते आज इतके स्वस्त का आहे, याचे एक कारण शेजारच्या खिडकीवर बसलेल्या कमी भाड्याच्या कंपनीत असते. ती खिडकी बंद झाली तर काय होईल, हे प्रवाशांनी विसरू नये. खलाशाच्या मुलाने ५९ पौंडांत दाखवून दिलेला हिशेब हाच होता.