ज्याने खटला लढवला त्याला नोकरी मिळाली नाही, पण त्याच खटल्याने अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाला ताकद दिली

अमेरिकेत राष्ट्राध्यक्षाने एखादा मोठा आदेश काढला की दोन-चार दिवसांत बातमी येतेच, प्रकरण कोर्टात गेलं. मग कोर्ट स्थगिती देतं, सरकार चिडतं, टीव्हीवर चर्चा झडतात आणि शेवटी सगळ्यांच्या नजरा सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींकडे लागतात.

पण गंमत बघा. संसदेने केलेला कायदा कोर्टाला रद्द करता येईल, असं अमेरिकेच्या राज्यघटनेत कुठेही स्पष्ट शब्दांत लिहिलेलं नाही.

मग ही ताकद आली कुठून?

तर ती आली १८०३ सालच्या एका खटल्यातून, आणि त्यामागे डोकं होतं सरन्यायाधीश जॉन मार्शल यांचं. विशेष म्हणजे ज्या घोळामुळे हा खटला उभा राहिला, तो घोळ खुद्द मार्शल यांच्याच ऑफिसात झाला होता.

जॉन मार्शल यांचा जन्म २४ सप्टेंबर १७५५ चा, व्हर्जिनियातला. पंधरा भावंडांत ते थोरले. शाळा फारशी झालीच नाही, जे शिकले ते बरंचसं वडिलांकडून. अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध सुरू झालं तेव्हा विशीतले मार्शल सैन्यात गेले. व्हॅली फोर्जच्या छावणीतला तो कुप्रसिद्ध हिवाळा त्यांनी जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या हाताखाली काढला. कायद्याचं रीतसर शिक्षण म्हणाल, तर कॉलेजात ऐकलेली काही आठवड्यांची व्याख्यानं. एवढ्या शिदोरीवर ते वकील झाले आणि रिचमंडमध्ये नाव कमावलं.

पुढे ते राजकारणात आले. राष्ट्राध्यक्ष जॉन ॲडम्स यांच्या फेडरलिस्ट पक्षात त्यांचं वजन वाढलं आणि १८०० मध्ये ते परराष्ट्रमंत्री झाले. समोरच्या पक्षाचे नेते होते थॉमस जेफरसन. हे दोघे नात्याने दूरचे भाऊ, पण एकमेकांचं तोंड बघायला तयार नसत. केंद्र सरकार मजबूत हवं, हा मार्शल यांचा आग्रह. राज्यांच्या हातात जास्त अधिकार हवेत, हा जेफरसन यांचा.

१८०० च्या निवडणुकीत ॲडम्स हरले आणि जेफरसन येणार हे ठरलं. पण नवा राष्ट्राध्यक्ष ४ मार्च १८०१ ला शपथ घेणार होता, म्हणजे ॲडम्स यांच्याकडे थोडे दिवस शिल्लक होते. सत्ता गेली, संसदही गेली, निदान कोर्टात तरी आपली माणसं बसवू, असं फेडरलिस्टांनी ठरवलं.

सरन्यायाधीशाची खुर्ची रिकामी होती. ॲडम्स यांनी आधी जॉन जे यांना विचारलं. ते देशाचे पहिले सरन्यायाधीश. पण त्यांनी नकार दिला, कारण या कोर्टाला ना वजन आहे ना प्रतिष्ठा, असं त्यांचं मत होतं. त्यात चूक काहीच नव्हती. सुप्रीम कोर्टाला स्वतःची इमारतसुद्धा नव्हती. संसद भवनातल्या एका खोलीत कामकाज चालायचं.

मग ॲडम्स यांनी मार्शल यांचं नाव पुढे केलं. फेब्रुवारी १८०१ मध्ये ते सरन्यायाधीश झाले, आणि ॲडम्स यांची मुदत संपेपर्यंत परराष्ट्र खात्याचं कामही त्यांनीच बघितलं.

इथेच तो घोळ झाला.

जाता जाता ॲडम्स यांनी राजधानीच्या भागासाठी ४२ जस्टिस ऑफ द पीस, म्हणजे छोट्या कज्ज्यांचा निवाडा करणारे दंडाधिकारी नेमले. सिनेटने मंजुरी दिली, ॲडम्स यांनी सह्या केल्या, परराष्ट्रमंत्री या नात्याने मार्शल यांनी शिक्के मारले. पण शेवटच्या रात्रीच्या गडबडीत काही नेमणूकपत्रं पोहोचवायची राहून गेली. दुसऱ्या दिवशी जेफरसन आले आणि ती पत्रं त्यांनी रोखून धरली.

ज्यांची पत्रं अडकली त्यात विल्यम मार्बरी नावाचे गृहस्थ होते. ते आणि आणखी तिघे थेट सुप्रीम कोर्टात गेले. नवे परराष्ट्रमंत्री जेम्स मॅडिसन यांना आमची पत्रं द्यायला लावा, ही त्यांची मागणी.

जेफरसन यांच्या पक्षाने आता कोर्टालाच इंगा दाखवायचं ठरवलं. ॲडम्स यांच्या काळात वाढवलेली न्यायाधीशांची पदं रद्द केली. सुप्रीम कोर्टाच्या बैठकांचं वेळापत्रकच असं बदललं की १८०२ मध्ये कोर्ट भरलंच नाही.

मार्शल पुरते कात्रीत सापडले. मार्बरीच्या बाजूने आदेश दिला तर मॅडिसन तो केराच्या टोपलीत टाकणार आणि कोर्टाचं हसं होणार. मार्बरीला हाकलून लावलं तर कोर्ट जेफरसन यांना घाबरलं असं सगळे म्हणणार.

२४ फेब्रुवारी १८०३ ला निकाल आला. न्यायमूर्ती सॅम्युअल चेस आजारी असल्याने कोर्ट एका हॉटेलात भरलं होतं. मार्शल यांनी निकालाचे तीन भाग केले. मार्बरी यांचा त्या पत्रावर हक्क आहे का? आहे. हक्क मोडला तर कायद्यात उपाय आहे का? आहे. मग तो उपाय हे कोर्ट देऊ शकतं का? इथे मार्शल म्हणाले, नाही.

कारण मार्बरी ज्या कायद्याच्या आधारे थेट सुप्रीम कोर्टात आले, तो १७८९ चा कायदा कोर्टाला घटनेपेक्षा जास्त अधिकार देत होता. कोणते खटले थेट सुप्रीम कोर्टात यावेत हे घटनेने ठरवलंय, संसद ती यादी वाढवू शकत नाही. कायदा आणि घटना भिडले तर घटना मोठी, आणि कायद्याचा अर्थ लावणं हे कोर्टाचं काम. म्हणून ते कलम रद्द.

थोडक्यात, मार्शल यांनी संसदेने दिलेला एक छोटा अधिकार नाकारला आणि त्या बदल्यात संसदेचे कायदे तपासण्याचा मोठा अधिकार कोर्टाच्या पदरात टाकला. जेफरसन चिडले, पण करणार काय? त्यांना कोणताही आदेशच दिला नव्हता, मग मोडणार कोणता?

आज असं झालं तर मार्शल यांनी या खटल्यातून बाजूला व्हावं अशी ओरड झाली असती, आणि ती रास्तच असती. घोळ त्यांचा आणि न्यायाधीशही तेच.

पुढच्याच वर्षी जेफरसन यांच्या पक्षाने न्यायमूर्ती चेस यांच्यावर महाभियोग आणला. तो यशस्वी झाला असता तर पुढचा नंबर मार्शल यांचा लागेल अशी चर्चा होती. सिनेटच्या ३४ जागांपैकी २५ जेफरसन यांच्या पक्षाकडे होत्या आणि हवी होती २३ मतं. पण १८०५ मध्ये स्वपक्षाचेच सिनेटर फुटले आणि चेस सुटले. तेव्हापासून आजपर्यंत सुप्रीम कोर्टाच्या एकाही न्यायमूर्तीला महाभियोगाने काढलेलं नाही.

मार्शल तब्बल ३४ वर्षं सरन्यायाधीश होते. आधी प्रत्येक न्यायमूर्ती आपला वेगळा निकाल वाचायचा. त्यांनी कोर्टाचा एकच निकाल द्यायची पद्धत रुजवली. सगळे न्यायमूर्ती एकाच खाणावळीत राहायचे, एकत्र जेवायचे. एक किस्सा सांगतात. पाऊस असेल तरच वाइन प्यायची असा त्यांनी नियम केला. बाहेर लख्ख ऊन दिसलं की मार्शल म्हणायचे, आपलं अधिकारक्षेत्र एवढं मोठं आहे, कुठेतरी पडतच असेल.

पण या माणसाची दुसरी बाजूही आहे. मार्शल यांनी आयुष्यभरात शेकडो गुलाम बाळगले. १८१३ मध्ये मीमा क्वीन नावाची गुलाम स्त्री स्वातंत्र्य मागायला त्यांच्या कोर्टात आली, तेव्हा आपली पूर्वज स्वतंत्र होती हा तिचा पुरावा ऐकीव म्हणून त्यांनी नाकारला. शिकागोतल्या एका लॉ कॉलेजने २०२१ मध्ये याच कारणाने आपल्या नावातून मार्शल हे नाव काढलं.

आणि कोर्टाची ताकद कुठे संपते हेही त्यांना बघावं लागलं. १८३२ मध्ये त्यांनी निकाल दिला की चेरोकी या मूळनिवासींच्या प्रदेशात जॉर्जिया राज्याचे कायदे चालणार नाहीत. जॉर्जियाने निकाल धाब्यावर बसवला. राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांनी तो अमलात आणण्यासाठी बोटही हलवलं नाही. १८३८ मध्ये चेरोकींना सैन्य लावून हाकललं गेलं आणि त्या वाटेवर हजारो माणसं मेली.

ते बघायला मार्शल नव्हते. ६ जुलै १८३५ ला फिलाडेल्फियात त्यांचं निधन झालं. १८०३ नंतर त्यांनी संसदेचा एकही कायदा रद्द केला नाही. तो अधिकार कोर्टाने पुन्हा वापरला थेट १८५७ मध्ये, ड्रेड स्कॉट खटल्यात, आणि तोही गुलामगिरीच्या बाजूने.

आपल्या घटनाकारांनी हा प्रश्न अर्थ लावण्यावर सोडला नाही. मूलभूत हक्कांच्या आड येणारा कायदा तेवढ्यापुरता रद्द ठरेल, हे कलम १३ मध्ये थेट लिहून टाकलं.

पण लिहिलेलं असो वा नसो, कोर्टाकडे ना फौज असते ना तिजोरी. निकाल लागल्यावर तो पाळायचा की नाही, हे शेवटी सरकार ठरवतं, आणि सरकारला तो पाळायला लावायचं की नाही, हे लोक. १८३२ मध्ये चेरोकींच्या बाजूने कोर्ट होतं, पण सरकार नव्हतं आणि सरकारला जाब विचारणारे लोकही पुरेसे नव्हते.