बाराबोर खांद्याला लावून पाच वेळा ऑलिम्पिकला गेलेला राजा : डॉ. करणीसिंह

महाड/पोलादपूर : बाराबोर म्हटलं की आपल्या भागात काय ते सांगावं लागत नाही. रानडुक्कर नाचणीत नाहीतर वरीत शिरलं की रात्रीचा एखादा बार ऐकू येतो. पीक संरक्षणासाठी परवान्याची बंदूक असलेली घरं महाड-पोलादपूरच्या वाड्यांवर आजही आहेत. निवडणूक लागली की या बंदुका पोलीस ठाण्यात जमा होतात. ठासणीची बंदूक जुन्या लोकांनी वापरली, नंतर काडतुसाची बाराबोर आली. ह्याच बाराबोरने जगाच्या मैदानावर भारताचं नाव नेणारा एक माणूस होऊन गेला. बिकानेरचे महाराजा डॉ. करणीसिंह. २१ एप्रिल हा त्यांचा जन्मदिवस.

करणीसिंह यांचा जन्म १९२४ सालचा. राजस्थानातल्या बिकानेर संस्थानचे महाराजा गंगासिंह हे त्यांचे आजोबा. बिकानेरजवळ गजनेरच्या तलावावर हिवाळ्यात भटतितरांचे थवे पाण्यावर उतरायचे आणि तिथली शिकार तेव्हा जगभर गाजलेली होती. मोठमोठे इंग्रज अधिकारी त्यासाठी यायचे. अशा घरात बंदूक लहानपणीच हातात आली, त्यात नवल नाही. दुसऱ्या महायुद्धात तर कोवळ्या वयात आजोबांबरोबर ते मध्यपूर्वेच्या आघाडीवर जाऊन आले.

त्यांचं आणि आपल्या महाराष्ट्राचं नातं शिक्षणाचं. दिल्लीच्या सेंट स्टीफन्सनंतर मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात ते शिकले. पुढे खासदार असताना १९६४ मध्ये त्यांनी मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. घेतली. विषय होता आपल्याच घराण्याचे दिल्लीच्या सत्तेशी असलेले संबंध. नावापुढचं डॉक्टर हे असं अभ्यास करून मिळवलेलं होतं.

१९४७ ला देश स्वतंत्र झाला आणि संस्थानं विलीन झाली. १९५० मध्ये वडील सादुलसिंह वारले, तेव्हा करणीसिंहांच्या वाट्याला गादी आली ती नुसती नावाची. राज्य उरलं नव्हतं. बऱ्याच संस्थानिकांनी उरलेलं आयुष्य वाड्यात बसून काढलं. करणीसिंह मात्र १९५२ च्या पहिल्याच निवडणुकीत अपक्ष उभे राहिले आणि निवडून आले. त्या निवडणुकीपासून १९७७ पर्यंत सलग पाच वेळा बिकानेरने त्यांना लोकसभेत पाठवलं, तेही कुठल्या पक्षाच्या चिन्हाशिवाय.

दुसरीकडे बंदूक सुटली नव्हती, पण निशाणा बदलला होता. जिवंत पाखराऐवजी क्ले पिजन, म्हणजे मातीचं कबूतर. नाव मातीचं असलं तरी ही बशी डांबर आणि चुनखडीच्या भुकटीची असते. रुंदी ११ सेंटीमीटर, वजन साधारण १०५ ग्रॅम. ट्रॅप या प्रकारात नेमबाजाच्या १५ मीटर पुढे चर असतो, त्यात यंत्रं बसवलेली असतात. नेमबाजाने आवाज दिला की बशी सुटते, ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास वेगाने, आणि लांब लांब जाते. डावीकडे जाणार, उजवीकडे की सरळ, हे आधी कळत नाही. तीस-पस्तीस मीटरच्या पुढे गेली की हातची गेलीच समजा.

इथे बोअरचा हिशोब येतो. एक पौंड, म्हणजे सुमारे ४५३ ग्रॅम शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या, तर त्यातली एक गोळी ज्या नळीत बरोबर बसेल ती बाराबोर. तिची नळी साधारण साडेअठरा मिलिमीटर. वीस गोळ्या केल्या तर गोळी लहान होणार, म्हणून वीसबोरची नळी साडेपंधरा मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे आकडा वाढला की नळी बारीक होते. अठ्ठावीस बोअर त्याहून बारीक. चारशे दहा नावाची बंदूक सगळ्यात बारीक, पण तिचा आकडा या हिशोबातला नाही, तो इंचातला आहे.

वीसबोर हाताला हलकी, पटकन फिरते. पण तिच्या काडतुसात छर्रे कमी मावतात. लांब गेल्यावर छर्ऱ्यांची जाळी विरळ होते आणि बशी मधल्या फटीतून सुटून जाते. बाराबोरमध्ये छर्रे जास्त, जाळी दाट. बंदूक जड असल्याने खांद्याला बसणारा धक्काही काही प्रमाणात तीच सोसते, आणि दिवसभरात शेकडो बार काढणाऱ्याला याचं मोल कळतं. मग दहाबोर का नको? कारण ऑलिम्पिकच्या नियमात बारापेक्षा मोठ्या नळीला परवानगीच नाही. बारीक नळी चालते, पण तिच्यासाठी गुण वाढवून मिळत नाहीत. म्हणून या खेळात सगळे बाराबोरच घेतात. अमेरिकेत स्कीट या प्रकारात मात्र बारा, वीस, अठ्ठावीस आणि चारशे दहाच्या वेगवेगळ्या स्पर्धा होतात.

म्हणजे बंदूक सगळ्यांची एकाच बोअरची. राजाची असो की कारखान्यातल्या कामगाराची. पुढे फरक पडतो तो नजरेचा आणि सरावाचा. राज्य गेलेल्या माणसाला हे मैदान का आवडलं असेल, ते यातून समजतं. इथे मुजरा कोणी करत नाही. बशी फुटली तर एक गुण, नाहीतर शून्य.

१९६० च्या रोम ऑलिम्पिकमध्ये करणीसिंह ट्रॅपमध्ये आठवे आले. १९६१ ला अर्जुन पुरस्कार सुरू झाला, त्या पहिल्याच वर्षी तो त्यांना मिळाला. १९६२ मध्ये इजिप्तमधल्या कैरोला जागतिक स्पर्धेत तर ते पहिल्या क्रमांकाच्या बरोबरीत होते. बरोबरी सोडवताना सोन्याचं पदक हुकलं, रौप्य हाती आलं. त्यानंतर टोकियो, मेक्सिको, म्युनिक आणि १९८० चं मॉस्को. पाच ऑलिम्पिक खेळणारे ते पहिले भारतीय. पण ऑलिम्पिकचं पदक एकदाही मिळालं नाही.

मधल्या काळात १९७१ मध्ये सरकारने संस्थानिकांचे तनखे बंद केले, १९७२ ला वन्यजीव कायदा आला आणि शिकारीचा जमानाही संपला. करणीसिंह मात्र खेळतच राहिले. १९७१ ला सोलच्या आशियाई नेमबाजीत सुवर्ण, १९७४ ला तेहरानच्या आशियाई खेळात रौप्य. १९८२ ला दिल्लीत आशियाई खेळ झाले तेव्हा ते ५८ वर्षांचे होते, तरी भारताच्या ट्रॅप संघात होते, आणि त्या संघाने रौप्य जिंकलं. त्यांची मुलगी राज्यश्री हीसुद्धा नेमबाज, तिलाही १९६८ चा अर्जुन पुरस्कार मिळाला.

सप्टेंबर १९८८ मध्ये करणीसिंह गेले. दिल्लीत तुघलकाबादला १९८२ च्या खेळांसाठी बांधलेल्या नेमबाजीच्या मैदानाला आज त्यांचं नाव आहे. २००४ मध्ये अथेन्सला राज्यवर्धनसिंह राठोड यांनी डबल ट्रॅपमध्ये रौप्य मिळवलं, आणि करणीसिंहांना पाच वेळा हुलकावणी दिलेलं ऑलिम्पिक पदक बाराबोरनेच भारतात आणलं.

आपल्याकडे बाराबोर शेताच्या राखणीला असते. त्याच नळीतून एकही जीव न मारता देशाचं नाव मोठं करता येतं, हे या माणसाने दाखवलं. डॉ. करणीसिंह यांच्या स्मृतीस विनम्र अभिवादन.