साने गुरुजींच्या विचारांची घडण

पांडुरंग सदाशिव साने (१८९९–१९५०) यांच्या सामाजिक विचाराचा उगम आईच्या संस्कारांत शोधण्याची प्रथा मराठीत रूढ आहे. तिला आधार अर्थातच ‘श्यामची आई’चा. परंतु हे पुस्तक म्हणजे बालपणीची रोजनिशी नव्हे. फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत एका सत्याग्रह्याने केलेले ते स्मरण आहे. आई १९१७ सालीच निवर्तली होती. मधल्या सोळा वर्षांचा हिशेब घेतल्याशिवाय हा उगम हाती लागत नाही.

पालगडचे साने घराणे खोतांचे; गुरुजींच्या वाट्याला मात्र कर्ज आणि सावकाराचा तगादा आला. १९२४ मध्ये ते अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले. तेथील छात्रालयात मुलांची लहानसहान कामे स्वतः करताना सेवा हा त्यांच्या दृष्टीने शिक्षणाचाच भाग बनला. १९३० मध्ये नोकरी सोडून ते सत्याग्रहात उतरले.

खरी जडणघडण तुरुंगातली. त्रिचनापल्लीच्या कारावासात दक्षिणेतील सत्याग्रह्यांचा सहवास लाभला; पुढील ‘आंतरभारती’च्या कल्पनेचे बीज तेथे दिसते. २१ फेब्रुवारी ते १९ जून १९३२ या काळात धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचने दिली आणि गुरुजींनी ती लिहून घेतली. लेखनिकाचे हे काम दुय्यम समजणे योग्य होणार नाही. स्वधर्म आणि निष्काम कर्म यांचा जो अर्थ त्यांनी तेथे टिपला, तो पुढे त्यांनी शेतकरी व गिरणीकामगारांच्या लढ्यांत उतरवला. विनोबांची वृत्ती मूलतः साधकाची. गुरुजी समाजवादाकडे वळले.

या पार्श्वभूमीवर ‘श्यामची आई’तील मोळीवाल्या म्हाताऱ्या महारणीचा प्रसंग पुन्हा वाचावा. आई श्यामला मोळी उचलून द्यायला पाठवते. पण घरी आल्यावर आंघोळ करायलाही सांगते. तिची करुणा सोवळ्याची चौकट ओलांडत नाही, आणि लेखकाने ती मर्यादा झाकलेली नाही, हे विशेष. आईच्या ममतेला त्यांनी पुढे हक्काच्या भाषेत नेले. मे १९४७ मध्ये पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे यासाठी त्यांनी प्राणांतिक उपोषण मांडले, तेव्हा त्यांची मागणी दयेची नव्हती. देवळाच्या दारात समान प्रवेशाची होती. दहाव्या दिवशी उपोषण सुटले. पुढील वर्षी १५ ऑगस्टला त्यांनी ‘साधना’ साप्ताहिक सुरू केले.