नाना फडणवीस : पुण्यातल्या फडातून राज्याचा हिशोब सांभाळणारा माणूस

पुणे : फड म्हटलं की आपल्याला कुस्तीचा फड आठवतो, नाहीतर तमाशाचा, उसाचा. पण अडीचशे वर्षांपूर्वी पुण्यात एक फड होता, तिथं ना कुस्ती होती ना ऊस. तिथं कारकून मांडी घालून बसायचे आणि कागद लिहायचे. गावच्या कुलकर्ण्यानं लिहिलेला वसूल शेवटी जिथं जाऊन पोचायचा, ती ही जागा. तिला हुजूर दफ्तर म्हणत, आणि तिचा मुख्य माणूस म्हणजे फडणीस. नाना फडणवीसांचं नाव या कामावरूनच पडलं. मूळ नाव बाळाजी जनार्दन भानू.

भानू घराणं कोकणातल्या श्रीवर्धनचं. बाळाजी विश्वनाथ पेशव्यांबरोबर नानांचे आजोबा देशावर आले. आजोबा 1719 साली दिल्लीच्या दंगलीत मारले गेले आणि फडणिशी घराण्याकडं आली. नानांचा जन्म 12 फेब्रुवारी 1742 चा, साताऱ्यात. वडील वारले तेव्हा नाना चौदा वर्षांचे, आणि त्या वयात दरक अंगावर पडला. आजकाल त्या वयाचं पोरगं नववीत असतं.

1761 ला पानिपत झालं. सदाशिवरावभाऊंबरोबर नाना तिकडं गेले होते, आई आणि बायको पण बरोबर. अंगकाठी किडकिडीत, लढाईचा माणूसच नव्हे. पराभव झाल्यावर जीव वाचवत, वेष बदलून, उपाशीतापाशी परत आले. बायको पुढं सुखरूप भेटली, आई मात्र परत आली नाही. हे सगळं नानांनी स्वतः लिहून ठेवलंय, आणि स्वतःची भीती त्यात लपवलेली नाही. असं लिहिणारा मोठा माणूस विरळाच.

खरं काम सुरू झालं ते थोरल्या माधवरावांच्या काळात. पेशवे स्वारीवर आणि नाना पुण्यात कागदावर.

आता हे दफ्तर चालायचं कसं ते बघू, कारण नानांची ताकद तिथंच होती. गावाला पाटील-कुलकर्णी, परगण्याला देशमुख-देशपांडे, त्यावर पेशव्यांनी नेमलेला कमाविसदार किंवा मामलेदार. वर्षाच्या सुरुवातीला पुण्याहून त्याला बेहेडा मिळायचा, म्हणजे या मुलखातून इतकी जमा यावी, इतका खर्च करावा असा अंदाज. आपल्या पंचायत समितीचं अंदाजपत्रक असतं तसंच म्हणा. वर्ष सरलं की हिशोब पुण्याला. तिथं कारकून एकेक कलम ताडून बघत. बेहेड्याबाहेर खर्च केला असेल तर जाब द्यावा लागे.

मामलेदारानंच हिशोब लिहिला तर तो खरा कशावरून? म्हणून त्याच्या कचेरीत दरकदार असत : मुजुमदार, फडणीस, दफ्तरदार, पोतनीस वगैरे. यांना काढायचा अधिकार मामलेदाराला नव्हता. साहेबानं चुकीचं लिही म्हटलं तरी खालचा माणूस पुण्याला कळवू शकत होता. आजच्या तहसील कचेरीत हे कितपत होतं ते वाचकांनीच ठरवावं.

पुण्यात दफ्तराचे मुख्य दोन भाग. चालते दफ्तर थेट फडणिसाच्या हाताखाली. सनदा, बेहेडे, सरंजामाचे म्हणजे फौजेचे हिशोब असं रोजचं काम तिथं. दुसरं एकबेरीज दफ्तर, ते कायम पुण्यातच. सगळीकडून आलेले हिशोब खात्यानुसार लावून एका ठिकाणी मांडायचे, म्हणजे कुठल्या मुलखातून काय आलं आणि कशावर गेलं हे काढून बघता यावं. दोनशेच्या वर कारकून होते.

30 ऑगस्ट 1773 ला शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. राघोबादादा गादीवर बसले, आणि नाना, सखारामबापू, हरिपंत फडके वगैरे कारभाऱ्यांनी एकी करून त्यांना दूर सारलं. हेच बारभाई. नारायणरावांच्या बायकोला, गंगाबाईंना, पुरंदरावर ठेवलं. 18 एप्रिल 1774 ला मुलगा झाला आणि चाळीस दिवसांच्या त्या बाळाला पेशवाईची वस्त्रं मिळाली. बाळ पाळण्यात, राघोबा इंग्रजांच्या आश्रयाला, तरी राज्य चाललं.

इंग्रजांशी लढाई 1782 च्या सालबाईच्या तहापर्यंत चालली. तह महादजी शिंद्यांनी घडवला, आणि नानांनी मंजुरी मुद्दाम काही महिने लांबवली, कारण तिकडं हैदर इंग्रजांशी लढत होता. शिंदे, होळकर, भोसले, गायकवाड, प्रत्येकाची फौज वेगळी, प्रत्येकाचा मान वेगळा. यांचा मेळ घालायचा तर पैसा आणि बातमी दोन्ही हातात पाहिजे. ठिकठिकाणचे वकील आणि बातमीदार पुण्याला पत्रं धाडत आणि ती नानांपुढं येत. मार्च 1795 ला खर्ड्यावर निजामाविरुद्ध हे सगळे एकत्र उभे राहिले. तसं पुन्हा झालं नाही.

नानांची दुसरी बाजू पण सांगितली पाहिजे. ज्या सखारामबापूंबरोबर बारभाई उभी केली ते पुढं कैदेतच वारले. चुलतभाऊ मोरोबादादांनाही नानांनी कैद केलं. घाशीराम कोतवाल नानांच्या मर्जीतला. 1791 ला त्याच्या कोठडीत ब्राह्मण गुदमरून मेले तेव्हा पुणं पेटलं आणि लोकांनी त्याला दगडांनी मारलं. सगळ्या मुलखाचा हिशोब तपासणाऱ्याला आपल्याच शहरातला कोतवाल काय करतो हे दिसलं नाही, की दिसूनही डोळेझाक केली, काय म्हणायचं? सवाई माधवराव तर नानांच्या धाकातच वाढले. ऑक्टोबर 1795 ला शनिवारवाड्यातून खाली पडून गेले. वय एकवीस.

पुढं दुसरे बाजीराव आले. डिसेंबर 1797 ला दौलतराव शिंद्यांनी भेटीला बोलावून नानांना धरलं आणि नगरच्या किल्ल्यात ठेवलं. पैसे मोजून सुटले, परत कारभारावर बसले, आणि 13 मार्च 1800 ला पुण्यात वारले. तीन वर्षांच्या आत होळकरांनी हडपसरला पेशव्यांची फौज मोडली, बाजीराव वसईला पळाले आणि इंग्रजांशी तह करून बसले. मामलती जास्त बोली बोलणाऱ्याला मक्त्यानं जाऊ लागल्या. मक्तेदार रयतेकडून किती वसूल करतो हे तपासायची गरज मग कुणाला उरली? दफ्तराकडं दुर्लक्ष झालं. रयत किती नाडली गेली ते 1818 ला राज्य घेतल्यावर इंग्रजांच्या अधिकाऱ्यांनी पण लिहून ठेवलं.

कागद मात्र बरेच वाचले. पुण्यात कौन्सिल हॉलजवळच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तराचे हजारो रुमाल आहेत. गो. स. सरदेसायांनी 1930 नंतर त्यातून निवडून 45 खंड छापले, तरी तो थोडाच भाग. बाकी सगळं मोडीत. इनामाचा, वतनाचा जुना कागद शोधायला आजही गावाकडची माणसं तिथं जातात, आणि कागद हाती लागला की पहिली शोधाशोध मोडी वाचणाऱ्याची करावी लागते.

वाईजवळ मेणवलीला कृष्णेच्या घाटावर नानांचा वाडा उभा आहे. घाटावरच्या देवळात वसईच्या लढाईनंतर आणलेली पोर्तुगीजांची घंटा आहे. नानांच्या मागं त्यांच्या पत्नी जिऊबाई याच वाड्यात राहिल्या. नानांचे स्वतःचे कागद पण इथंच होते, मेणवली दफ्तर म्हणतात त्याला.