मठाला दिलेला पोरगा, ज्यानं चर्चमध्ये उजेड आणला

मुंबईत सीएसएमटीच्या टोकदार कमानी आणि रंगीत काचा तुम्ही पाहिल्याच असतील. या शैलीला म्हणतात व्हिक्टोरियन गॉथिक. यातल्या गॉथिकचं मूळ शोधत गेलं, की आपण पोहोचतो सुमारे ९०० वर्षांपूर्वीच्या फ्रान्समध्ये. पॅरिसच्या उत्तरेला असलेल्या सेंट डेनिसच्या मठात. आणि तिथं भेटतो सुजेर.

सुजेरचा जन्म १०८१ च्या आसपासचा. घराणं काही मोठं नव्हतं. साधारण दहा वर्षांचा असताना आईवडिलांनी त्याला मठाला देऊन टाकलं. तेव्हा तशी पद्धतच होती. पण हा मठ साधासुधा नव्हता. फ्रान्सच्या राजांचं दफन इथं व्हायचं. पुढे सहावा लुई राजा झाला आणि सुजेर त्याचा खास सल्लागार बनला. ११२२ मध्ये तो मठाधिपती झाला.

त्यानं आधी मठाच्या जमिनींचं उत्पन्न मार्गी लावलं. मग हात घातला चर्चला. जुनं चर्च इतकं अपुरं होतं, की सणाच्या दिवशी लोक चेंगरायचे. छतासाठी लांब तुळया हव्या होत्या. सुतार म्हणाले, एवढी मोठी झाडं इथं मिळणार नाहीत. सुजेर स्वतः जंगलात गेला आणि लागणारी बारा झाडं शोधूनच परतला.

११४० मध्ये दर्शनी भाग झाला, ११ जून ११४४ ला वेदीमागचा भाग.

यात नवीन काय होतं? टोकदार कमानी आणि छताच्या दगडी फासळ्या आधीही होत्या. इथं त्या एकत्र आल्या. छताचा भार खांबांवर गेला, भिंती मोकळ्या झाल्या आणि तिथं रंगीत काचा बसल्या. डोळ्यांना दिसणारा उजेड मनाला देवापर्यंत नेतो, ही सुजेरची श्रद्धा होती.

सगळ्यांना हे पटणारं नव्हतं. त्याच काळातला प्रभावी साधू बर्नार्ड चर्चमधल्या झगमगाटावर टीका करायचा. गरीब उपाशी असताना भिंतींना सोनं कशाला, हा त्याचा सवाल. सुजेरचं मत उलट होतं. देवासाठी वापरायचं ते सगळ्यात मौल्यवानच हवं.

११४७ मध्ये सातवा लुई धर्मयुद्धावर गेला, तेव्हा दोन वर्षं राज्यकारभार सुजेरनं सांभाळला. १३ जानेवारी ११५१ ला तो गेला.

१७९३ मध्ये, फ्रेंच राज्यक्रांतीत, इथल्या राजांच्या कबरी उकरल्या गेल्या. पण सुजेरच्या वेदीमागचा खालचा भाग आजही उभा आहे. तिथल्या एका काचेत मेरीच्या पायाशी लोटांगण घातलेला सुजेर आहे, नावासकट.

ज्या गवंड्यांनी ते छत तोलून धरलं, त्यांची नावं मात्र त्यानं कुठंच लिहून ठेवली नाहीत.