जोगेंद्रनाथ मंडल : पद आणि समाज

पूर्व बंगालमधील बारिसाल जिल्ह्यात १९०४ साली एका नमःशूद्र कुटुंबात जन्मलेले जोगेंद्रनाथ मंडल वकील झाले आणि १९३७ मध्ये खुल्या जागेवरून बंगाल विधानसभेत निवडून आले. १९४६ मध्ये मुंबई प्रांतातून संविधान सभेत जाण्याची बाबासाहेबांची वाट बंद झाली, तेव्हा त्यांना बंगालमधून निवडून आणण्यासाठी जोगेंद्रनाथांनी जिवाचे रान केले. हे ऋण आम्ही कसे विसरावे?

दलित व गरीब मुसलमान यांचे हित एकच, या विश्वासाने ते फाळणीनंतर पाकिस्तानात राहिले आणि तेथील पहिले कायदामंत्री झाले. इकडे तेच पद बाबासाहेबांकडे होते. परंतु १९५० च्या दंगलींत पूर्व बंगालमधील आपल्या बांधवांचे रक्षण मंत्रिपदावरून होत नाही, हे पाहून जोगेंद्रनाथांनी कोलकात्याहून राजीनामा पाठविला. पुढच्याच वर्षी हिंदू कोड बिलासाठी बाबासाहेबांनीही पदत्याग केला.

१९६८ मध्ये निधन होईपर्यंत जोगेंद्रनाथांना सत्ता पुन्हा लाभली नाही. त्यांचा विश्वास फोल ठरला, हे आम्ही नाकारीत नाही. मात्र पद समाजासाठी असते, हे त्यांनी ते सोडून सिद्ध केले. अधिकारपदी पोहोचलेल्या आमच्या माजी विद्यार्थ्यांनी एवढे ध्यानी ठेवावे.