गर्दच्या विळख्यातल्या पोरांना ‘पेशंट’ मानणारी डॉक्टर : अनिता अवचट

ऑक्टोबर २०२३. नाशिकजवळच्या शिंदे गावात मुंबई पोलिसांनी एमडी ड्रग्ज बनवणारा कारखाना पकडला. कोट्यवधींच्या मालाची चर्चा झाली. पण जी पोरं या विळख्यात अडकतात, त्यांचं पुढे काय?

हाच प्रश्न ऐंशीच्या दशकात पुण्यातल्या एका मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टरांना पडला होता. त्यांचं नाव डॉ. अनिता उर्फ सुनंदा अवचट. येरवड्याच्या मनोरुग्णालयात त्या काम करायच्या.

तेव्हा ब्राऊन शुगर म्हणजेच ‘गर्द’नं शहरांना ग्रासलं होतं. त्यांचे पती, लेखक अनिल अवचट यांनी गर्दवर लेखमाला लिहिली. ती वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले. त्यांनी आर्थिक मदत देऊ केली आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी मनोरुग्णालयाच्या आवारातच ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं. धुरा अनिताताईंकडे आली.

लोक व्यसनी माणसाला बिघडलेला समजायचे. अनिताताई त्याला आजारी समजायच्या.

यामागचं विज्ञान सोपं आहे. गर्द मेंदूत गेलं की डोपामाइन या रसायनाचा पूर येतो. वारंवार असं झालं की मेंदू त्याला सरावतो. मग तेवढ्याच डोसनं भागत नाही आणि साध्या गोष्टींत आनंद वाटेनासा होतो. निर्णय घेणारा मेंदूचा पुढचा भागही कमकुवत पडतो. नशा थांबवली की अंगदुखी, उलट्या, झोप उडणं सुरू होतं. म्हणून नुसत्या शपथा टिकत नाहीत.

मुक्तांगणात मारहाणीला जागा नव्हती. आधी औषधांनी त्रास कमी करायचा. मग समुपदेशन, गटचर्चा, योगासनं आणि काम. बऱ्या झालेल्या पेशंटलाच तिथं कार्यकर्ता करून घेतलं जायचं. ज्यानं स्वतः ते भोगलंय, त्याचं म्हणणं नव्या पेशंटला पटतं. घरच्यांनाही उपचारात सामील केलं जायचं. पुन्हा घसरलेल्यालाही दार उघडं असायचं, कारण मेंदू सावरायला वेळ लागतो.

पेशंट त्यांना ‘मोठ्या मॅडम’ म्हणत. पुढे त्यांना कॅन्सर झाला, तरी त्या काम करत राहिल्या. १९९७ मध्ये त्यांचं निधन झालं. नंतर मुलगी मुक्ता पुणतांबेकर यांनी ही जबाबदारी घेतली.

तुमच्या ओळखीत कोणी अडकलं असेल, तर त्याला दूषणं देऊ नका. डॉक्टरकडे न्या.